खरखर पुसायची घाई नको

चाहत्याने कार्यक्रमात टेप केलेली कॅसेट लावली की पहिल्या दहा सेकंदांत कान वाटणी करून मोकळे होतात: हा गवई, हा ठेका, ही टेपची खरखर, हा मागच्या रांगेतला खोकला. प्रायोगिक संगीताच्या कॅसेटपुढे ही वाटणी फसते. लंडनच्या एएमएम या १९६५ सालच्या गटातला कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवायचा आणि शेजारी रेडिओ चालू असायचा. त्या रेडिओची खरखर हे त्याचं वाद्य. आता ती कुठे संपते आणि कॅसेटची स्वतःची खरखर कुठे सुरू होते, हे नुसतं ऐकून सांगणारा कान अजून भेटायचा आहे.

त्याहून पेचाचं उदाहरण न्यूयॉर्कचं. १९६० च्या दशकात ला मॉन्टे यंग, मॅरियन झझीला, टोनी कॉनराड, जॉन केल ही मंडळी एकेक स्वरसमूह धरून तासन्‌तास बसत, आणि त्यांचा आधारस्वर अमेरिकेतल्या विजेच्या ६० हर्ट्झच्या गुणगुणीशी जुळवलेला असे. (यंग पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, हे आपल्याकडच्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखं.) समजा अशा टेपवर कुणा भल्या माणसाने कॉम्प्युटरवर विजेची गुणगुण काढणारा फिल्टर लावला. त्याने ६० हर्ट्झ कापलं, म्हणजे तानपुऱ्याचा षड्जच कापला. वर माहितीत अभिमानाने लिहील, ‘आवाज स्वच्छ केला आहे’.

चाहत्यांनी कार्यक्रम टेप करून एकमेकांना भरून द्यायच्या या जुन्या उद्योगाचे सगळे नियम लोकांना कर्मठपणा वाटतात. डॉल्बी (टेपची खरखर दाबणारी सोय) बंद ठेवा, टाळ्या कापू नका, पत्ता लिहावा तशी टेपची वंशावळ, म्हणजे ती कशी भरली आणि कुठून कुठून आली ते, लिहा. रॉकच्या कॅसेटला त्यातले अर्धे मोडले तरी चालतं, कारण ऐकणाऱ्याला गाणं काय आणि दोष काय हे ठाऊक असतं. इथे ते ठाऊक नसतं. म्हणून इथे नियम पाळायचे.

परवानगीचं आधी आणि थोडक्यात. ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक गटाने ऑक्टोबर १९८४ पासून टेप करणाऱ्यांना ध्वनिमिश्रणाच्या टेबलामागे वेगळी जागाच दिली. थ्रॉबिंग ग्रिसल या इंग्लिश गटाने तर स्वतःच्याच कार्यक्रमांच्या २४ कॅसेट एका ब्रीफकेसमध्ये घालून विकल्या, म्हणजे चोरून टेप करणाऱ्याचं कामच संपवलं. उलट कित्येक वादकांना हा प्रकार अजिबात खपत नाही. छोट्या जागेत तीस श्रोते आणि दोन वादक असतात. सरळ जाऊन विचारा. नाही म्हणाले तर यंत्र पिशवीत. हो म्हणाले तर मूळ फाइलची एक प्रत त्यांना पाठवायची, पैसे कुणाकडूनच घ्यायचे नाहीत, आणि वादकाने तोच कार्यक्रम अधिकृतपणे काढला की आपली प्रत वाटपातून मागे घ्यायची. या तीन गोष्टींवर वाद घालणाऱ्याशी देवाणघेवाण करू नये असं माझं मत आहे.

टेप करताना

दोन टोकांचे कार्यक्रम असतात आणि दोन्हीकडे वेगवेगळं बिघडतं.

पहिलं टोक नॉइज या कानठळ्या बसवणाऱ्या संगीतप्रकाराचं. इथे सगळ्यात जास्त टेप एकाच चुकीने वाया जातात. छोट्या रेकॉर्डरच्या माइक सॉकेटमागे एक प्रवर्धक असतो आणि लेव्हलचं बटण बहुतेक यंत्रांत त्याच्या नंतर येतं. आवाज इतका मोठा की तो प्रवर्धकच भरून गेला, तर बटण कितीही खाली फिरवा. चिरडलेली लाट फक्त लहान होते. मीटर उणे १० डेसिबल दाखवतो, तुम्ही निश्चिंत असता, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर आवाजाची लहर पाहिली तर तिचे माथे करवतीने कापल्यासारखे सपाट. उपाय साधा आहे. माइकला ९ व्होल्टच्या बॅटरीच्या छोट्या डबीतून वीज द्यायची आणि तार माइक सॉकेटमध्ये न लावता लाइन-इनमध्ये, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा आवाज घेणाऱ्या सॉकेटमध्ये, लावायची. लाइन-इन माइकला वीज देत नाही, म्हणून डबी लागते. दुसरा फायदा असा, की रेकॉर्डरच्या सॉकेटमधून मिळणाऱ्या दोन-तीन व्होल्टवर माइकमधली आवाज टिपणारी छोटी इलेक्ट्रेट कॅप्सूल लवकर फाटते, म्हणजे तिचा आवाज चिरकतो. ९ व्होल्टवर तिला बराच मोकळा श्वास मिळतो. कितीही मोठा आवाज न कापता साठवणाऱ्या ३२ बिट फ्लोटच्या नव्या यंत्रांनी लेव्हलची चिंता मिटवली असं म्हणतात ते खरं, पण कॅप्सूलच फाटली तर फ्लोट काय करणार?

आता प्रश्न असा, की ज्या संगीतात आवाज फाटणं हाच मुद्दा आहे तिथे आपला माइक फाटला की वादकाचा अ‍ॅम्प्लिफायर, हे ओळखायचं कसं? दोन खुणा. एक, कार्यक्रमाआधी त्याच स्पीकरमधून झालेली घोषणा आणि शेवटच्या टाळ्या ऐका. त्या स्वच्छ असतील तर यंत्र शाबूत. पण या दोन्ही गोष्टी वादनापेक्षा हळू असतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. दुसरी खूण पक्की: लहरीचे माथे तासभर नेमक्या एकाच उंचीवर सपाट होत असतील, तर तो यंत्राचा दोष. हॉलमध्ये स्पीकरमधून आलेल्या फाटक्या आवाजाचे माथे माइकपर्यंत येईतो भिंतींच्या प्रतिध्वनीत मिसळून खालीवर झालेले असतात. ते असे रेघ मारून उभे राहत नाहीत.

दुसरं टोक शांततेचं. टोकियोत योयोगी भागात ऑफ साइट नावाची इवलीशी जागा २००० ते २००५ चालली. भिंती पातळ, शेजारी जवळ, म्हणून वादक अगदी हळू वाजवत, आणि त्या मर्यादेतूनच एक वादनशैली घडली. अशा ठिकाणी लेव्हल आपोआप सांभाळणारी सोय चालू राहिली तर सत्यानाश. वादक थांबला की यंत्र हळूहळू आवाज वाढवत नेतं, खोलीतल्या फ्रिजचा घुर्र आवाज पुढे येतो, मग कुणी खोकलं की सगळं दचकून खाली बसतं. ऐकणाऱ्याला वाटतं की वादकानेच हा चढउतार रचला. म्हणून आपोआप लेव्हल बंद, मोठा आवाज दाबणारा लिमिटर बंद, आणि एकदा ठरवलेलं बटण कार्यक्रम संपेपर्यंत हलवायचं नाही. २४ बिटमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी पुष्कळ झालं. खालचे स्वर कापणारा फिल्टरही बंद; ड्रोनमध्ये, म्हणजे एकच स्वर लांब धरलेल्या संगीतात, ४० हर्ट्झखाली जे चाललंय ते कदाचित निम्मं संगीत असतं. उघड्यावर वारा असेल तर माइकवर केसाळ टोपी घाला, फिल्टर नको.

शांत कार्यक्रमात माणूसच सर्वांत मोठा दोष. कॉलरला लावलेल्या माइकमध्ये स्वतःचा श्वास येतो, पोटातली गुरगुर येते. नायलॉनचं जाकीट घालून गेलात तर प्रत्येक हालचाल भरली जाते. सुती कपडे घाला. फोन विमान-मोडवर टाका, नाहीतर २१७ हर्ट्झची ती ओळखीची ‘टिर्र टिर्र’ तारेतून आत शिरते. आणि स्वतः टाळ्या वाजवू नका, माइकपासून एक फुटावरची टाळी बंदुकीसारखी येते.

जागा कुठली घ्यायची हे स्पीकरवर ठरतं. सगळं मोठ्या स्पीकरमधून येत असेल तर मिश्रणाच्या टेबलाजवळ, मधोमध, माइक डोक्यांच्या वर. मुक्त वादनात प्रत्येकाचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा आणि ढोल-सॅक्सोफोन तसेच उघडे असतात. तिथे दोन-तीन मीटरवर पुढच्या रांगेत. उभ्या दांडीवर दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) माइक १७ सेंटीमीटर अंतरावर, ११० अंशांत उघडे ठेवले की बहुतेक वेळा निभतं.

कॅसेटच्या काळात टेपरांची, म्हणजे टेप करणाऱ्या चाहत्यांची, आवडती यंत्रं दोन. सोनी टीसी-डी५एम, जी मोठ्या दोन डी-सेलवर चाले, आणि खिशात मावणारी सोनी डब्ल्यूएम-डी६सी, चार पेन्सिल सेलवर. डी६सीची मोटर क्वार्ट्झच्या तालावर फिरे, म्हणून सेल उतरत आले तरी वेग ढळत नसे. साध्या वॉकमन-रेकॉर्डरचं तसं नव्हतं. सेल उतरले की टेप भरताना हळू फिरे, आणि मग नीट डेकवर वाजवली की शेवटची वीस मिनिटं हळूहळू चढत जात. ड्रोनच्या कॅसेटमध्ये शेवटाकडे ‘तणाव वाढत जातो’ असं रसग्रहण कुणी लिहिलं असेल तर आधी सेलबद्दल विचारावं.

बाजू पलटणं ही आणखी एक डोकेदुखी. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटं, वर जेमतेम एखादं मिनिट. रॉकमध्ये दोन गाण्यांमध्ये पलटता येतं. सत्तर मिनिटांचा अखंड तुकडा असेल तर कुठे पलटणार? ज्यांच्याकडे दोन यंत्रं होती ते दुसरं यंत्र अर्ध्या तासाने चालू करत. इतरांनी एवढं तरी करायचं: दोन्ही बाजूंची सुरुवातीची कोरी पट्टी आधीच पेन्सिलने पुढे फिरवून ठेवायची, म्हणजे पलटल्यावर पाच-सहा सेकंद फुकट जात नाहीत. सी-१२० घेऊन प्रश्न सोडवू नका. तिची टेप सी-६० च्या निम्म्या जाडीची. ती ताणली जाते, गुंतते, आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मग मोठा दणका बसायच्या दीड ते तीन सेकंद आधी त्याचं भूत ऐकू येतं. अंतर एवढंच असतं, कारण टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते आणि एक वेढा सुरुवातीला सातेक सेंटीमीटरचा, भरलेल्या चाकावर पंधराच्या आसपास. गजबजलेल्या संगीतात हे भूत झाकलं जातं. शांततेत ते रचनेचा भाग वाटतं.

भरून देणं-घेणं

आपल्याकडे मैफलींच्या खाजगी टेपांचा व्यवहार ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं ओळखीचं वाटेल. ‘तुला म्हणून देतोय, पुढे कुणाला देऊ नकोस’ अशी शपथ घालून भरून दिलेली कॅसेट वर्षभरात दहा जणांकडे निघते, आणि दहाव्याकडच्या प्रतीत तानपुऱ्याची जवारी गेलेली असते. तिकडच्या टेपरांनी हे उलट बाजूने सोडवलं: द्यायचंच, पण वाटेवर पाट्या लावून.

पद्धत अशी होती. ज्याच्याकडे बदल्यात द्यायला काही नाही त्याने दोन कोऱ्या चांगल्या कॅसेट, बहुधा मॅक्सेल एक्सएल-टू किंवा टीडीके एसए, आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं. समोरचा भरून परत धाडी. परदेशातला असेल तर तिकिटांऐवजी आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन. प्लास्टिकच्या डब्या काढून ठेवायच्या, वजन आणि टपालखर्च दोन्ही वाचतं. मोठ्या संख्येला टेप हवी असेल तर वृक्ष करायचा: मूळ टेपवाला पाच जणांना भरून देतो, ते पाच आणखी पाच-पाच जणांना. तिसाजणांना टेप मिळते आणि कुणाचीही प्रत मूळ कॅसेटपासून दोनपेक्षा जास्त पिढ्या लांब जात नाही. साखळीने दिली असती तर तिसाव्याला चिखल मिळाला असता.

हा चिखल किती, याचा हिशेब येतो. प्रत्येक भरणीत नव्या टेपची खरखर जुनीवर चढते. टेप आणि लेव्हल सारखी धरली तर मूळ अधिक एक प्रत म्हणजे खरखर ३ डेसिबलने जास्त. साखळीत एकूण चार कॅसेट झाल्या की ६, दहा झाल्या की १०. खरखर तरी कान विसरतो. प्रत्येक पिढीत वेगाची थरथर साठत जाते आणि वरचे स्वर झिजतात, ते परत येत नाहीत.

प्रत काढताना: आधी डेकचं हेड, कॅपस्टन (टेप सरकवणारी बारीक दांडी) आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९० टक्क्यांच्या वरचं. रबरी चाक तपकिरी दिसतंय तोवर पुसत राहा. दोन डेकवर, खऱ्या वेगात भरा. दुप्पट वेगाचं बटण विसरून जा. दोन्ही डेकवर डॉल्बी बंद. मूळ टेप डॉल्बी लावून भरलेली असेल तरीही बंदच, कारण मग डॉल्बीची खूण जशीच्या तशी पुढे जाते आणि शेवटचा माणूस एकदाच, नीट जुळवलेल्या डेकवर ती उलगडतो. मधल्या प्रत्येकाने उलगडून पुन्हा बांधली की चुका गुणाकाराने वाढतात. डॉल्बी बी हा वरच्या स्वरांतल्या हळू आवाजाला भरताना वर उचलतो आणि वाजवताना खाली बसवतो, खरखर सुमारे १० डेसिबलने दबते. दोन्हीकडची लेव्हल जुळली नाही तर तो संगीतालाच खरखर समजून दाबतो, आणि वरचे स्वर श्वास घेतल्यासारखे आतबाहेर होतात. तानपुऱ्याची जवारी, झांजेची विझत जाणारी शेपटी, रेडिओची सळसळ हे सगळं नेमकं त्याच्या तावडीत सापडणारं.

कॅसेटवर डॉल्बी लिहिलेलं नसेल तर पुन्हा टाळ्यांकडे जायचं. डॉल्बी लावून आणि काढून टाळ्या ऐका. टाळी कशी ऐकू येते हे आपल्याला पक्कं माहीत असतं. रेडिओ आणि गिटारच्या घर्षणाबद्दल तसं म्हणता येत नाही.

कॉम्प्युटरवर घेताना

जुनी कॅसेट एकदम वाजवू नका. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वेढे सारखे बसतात. आतला दाबाचा छोटा पॅड पाहा. त्याचा गोंद वाळून तो पडलेला असतो आणि मग आवाज दबका येतो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर आतली चाकं दुसऱ्या चांगल्या कवचात हलवता येतात. चिकटवलेलं असेल तर शिवणीवरून जपून फोडावं लागतं. मुंबई-कोकणात ठेवलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नये, हेडवरून ती पुढच्या कॅसेटवर जाते.

मग अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. ज्या यंत्रावर टेप भरली त्याचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन क्वचितच जुळतो. न जुळला की वरचे स्वर जातात. हेडशेजारचा स्क्रू टेप चालू असताना अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या दोन-तीन मिनिटांएवढा, फिरवायचा आणि दोन्ही बाजू एकत्र करून मोनोत ऐकायचं. जिथे सर्वांत उजळ येईल तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला, प्रत्येक बाजूला वेगळं. पण उजळ म्हणजे काय, हे ड्रोनवर कळणार नाही. टाळ्यांवर, किंवा कार्यक्रमाआधीच्या लोकांच्या कुजबुजीवर जुळवा. ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू आले की जमलं.

वेग तपासायची युक्ती मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत देखणी वाटते. हॉलच्या स्पीकरमधून विजेची गुणगुण थोडीतरी येतेच. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठली कंपनं किती आहेत हे दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या चित्रात, तिची रेघ शोधा. युरोपातला कार्यक्रम असेल तर ती ५० हर्ट्झला किंवा तिच्या पटीत हवी, अमेरिकेत ६० ला. ५० ची रेघ ५१ वर दिसली तर टेप २ टक्के जास्त वेगात आहे, स्वर सुमारे ३४ सेंट (अर्ध्या स्वराचा साधारण तिसरा भाग) चढलेले. सहा टक्क्यांना सा चा कोमल रे होतो. रेघ हळूहळू वर सरकत असेल तर तेच ते उतरलेले सेल, आणि तेवढ्याच वळणाने वेग दुरुस्त करता येतो. एकच खबरदारी: आपल्या डेकची आणि तारांची गुणगुणही ५० हर्ट्झ असते. टेप थांबवून पाहा. रेघ तशीच राहिली तर ती तुमच्या घरातली. अमेरिकन टेप भारतात वाजवताना हे सोपं पडतं, घरची ५० वर आणि त्यांची ६० च्या आसपास. हॉलमध्ये जुना टीव्ही किंवा व्हिडिओ मॉनिटर चालू असेल तर त्याची शिट्टीही उपयोगी येते: युरोपच्या पद्धतीत १५,६२५ हर्ट्झ, अमेरिका-जपानमध्ये १५,७३४.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. मूळ फाइल जशी उतरली तशी ठेवा आणि वेग वगैरे दुरुस्त करायचं ते दुसऱ्या प्रतीवर. खरखर कमी करणारी सॉफ्टवेअरं टेपचा एक ‘रिकामा’ तुकडा नमुना म्हणून मागतात. प्रायोगिक संगीतात रिकामा तुकडा कुठून आणणार? वादक थांबलाय म्हणून निवडलेल्या दोन सेकंदांत खोलीचा आवाज असतो, आणि काही रचनांत तोच ऐकायचा असतो.

सीडीच्या काळाने दोन नवे दोष दिले. सीडी एकेक ट्रॅक करून जाळली की प्रत्येक दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते. अखंड वादनात ती भोकं दिसतात, म्हणून पूर्ण डिस्क एकदम जाळायची. दुसरं, सीडीची एक चौकट ५८८ नमुन्यांची, सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. ट्रॅक त्या हद्दीवर कापला नाही तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि जोडावर ‘टिक्’ येतो. क्लिक्स आणि खरचटण्याच्या आवाजांवर उभ्या असलेल्या संगीतात हा टिक् वर्षानुवर्षं खपून जातो. शॉर्टन आणि नंतर फ्लॅकच्या (काही न गमावता आवाज दाबून ठेवणाऱ्या) फाइलींबरोबर एमडी५ची बेरीज, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळ्याचा आकडा, देण्याची चाल टेपर मंडळींनीच रुजवली. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी बेरीज चुकते.

एमपी३ वरून पुन्हा फ्लॅक करून फसवणारे असतात. स्पेक्ट्रममध्ये १६ किलोहर्ट्झवर चाकूने कापल्यासारखी कड दिसली की संशय घ्यावा. पण लगेच आरोप करू नका. एफएम रेडिओवरून टेप केलेला कार्यक्रम १५ किलोहर्ट्झलाच संपतो, आणि कधी कधी वर १९ किलोहर्ट्झची बारीक पायलट रेघ दिसते. ती रेघ म्हणजे रेडिओचा शिक्काच. मिनिडिस्कवरही दाबलेला आवाज असतो. तसं असेल तर लिहावं, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

वंशावळ अशी लिहायची: माइक, बॅटरी डबी, सोनी डी६सी, मॅक्सेल एक्सएल-टू ९० मूळ कॅसेट, डॉल्बी बंद, मग अमुक डेक, अ‍ॅझिमथ टाळ्यांवर जुळवलं, २४/४८, वेग उणे १.४ टक्के दुरुस्त, आधार ५० हर्ट्झची रेघ. दुसरं काही केलेलं नाही. पलटताना किती सेकंद गेले ते लिहायचं. ती फट दुसऱ्या टेपरच्या प्रतीने भरली असेल तर कुठून कुठवर, तेही. जे ठाऊक नाही तिथे ‘माहीत नाही’. ट्रॅकना आपल्या मनाने काव्यमय नावं देऊ नयेत. जर्मनीच्या कॅन या गटाचा १९७५ मधला श्टुटगार्टचा कार्यक्रम एका चाहत्याने ढगळ पॅन्टमध्ये यंत्र लपवून टेप केला होता. २०२१ मध्ये तो अधिकृतपणे निघाला तेव्हा गटानेही तुकड्यांना नुसते जर्मन आकडे दिले, आइन्स पासून फ्युन्फ, म्हणजे एक ते पाच.

उलटं उदाहरण यंगच्याच मंडळींचं. २५ एप्रिल १९६५ ची त्यांची एक टेप २००० मध्ये ‘डे ऑफ नायगारा’ नावाने सीडीवर आली, यंगच्या परवानगीशिवाय. रचना एकट्या यंगची की सगळ्यांची, हे भांडण जुनंच होतं. मूळ टेप यंगच्या ताब्यात, कॉनराड आणि केलना त्यांच्या प्रती मिळत नव्हत्या. सीडी कानाला धूसर लागते. त्यातला किती धूसरपणा १९६५ चा आणि किती मधल्या प्रतींचा, हे सांगणारी ओळ सीडीबरोबर आली नाही, आणि लोक त्या धूसरपणाच्याच प्रेमात पडले.

म्हणून रेकॉर्डर कार्यक्रमाच्या दोन-तीन मिनिटं आधी चालू करा आणि टाळ्या विरून खुर्च्या सरकल्याचे आवाज येईपर्यंत बंद करू नका. घोषणा, कुजबुज, खोकला, टाळ्या आणि रिकाम्या स्पीकरची गुणगुण, सगळं मूळ फाइलीत राहू द्या. पुढे ज्याला अ‍ॅझिमथ, डॉल्बी किंवा वेग पुन्हा तपासायचा असेल तो आधी तिथेच जाणार आहे.